पुठ्ठा वाकतो तो ओलाव्यामुळे

खोक्याचा पुठ्ठा वाकडा निघाला की आधी मशीनवर खापर फुटतं. मशीनला हात लावण्यापूर्वी कागदातला ओलावा बघा.

थ्री-प्लाय पुठ्ठ्यात वर-खाली सपाट लायनर आणि मध्ये नागमोडी फ्लूटिंग. वाफेवर साधारण 170-180 अंश सेल्सियस तापलेल्या दातेरी रोलांमधून कागद जातो, लाटा धरतो. लगेच लाटांच्या माथ्यांना खळ लागते आणि लायनर चिकटतो. सी फ्लूट म्हणजे लाटांचं एक ठरलेलं माप; तिची लाट साडेतीन मिलिमीटरच्या आसपास उंच असते, आणि 1 मीटर पुठ्ठ्याला जवळपास 1.4 मीटर फ्लूटिंग जातं. रिळांचा हिशेब यावरच करायचा.

खरी मेख खळीत आहे. मक्याच्या स्टार्चचा थोडा भाग कॉस्टिक सोडा घालून शिजवतात, बाकीचा कच्चाच ठेवतात. हा कच्चा स्टार्च लाटेच्या माथ्यावर, 60-65 अंशांना फुगतो आणि तिथेच चिकटतो. बोरॅक्सने पकड वाढते. कॉस्टिक जास्त झालं तर खळ टाकीतच घट्ट होऊ लागते. उष्णता कमी पडली तर सांध्यात पांढरी भुकटी दिसते. तो न शिजलेला स्टार्च.

तपासणी अगदी सोपी आहे. पुठ्ठ्याचा तुकडा पाण्यात भिजवून थर सुटे करा आणि आयोडीनचं पातळ द्रावण फासा. खळीच्या रेघा निळ्या-जांभळ्या उमटतात. रेघा सलग हव्यात. एका कडेकडे बारीक होत गेल्या, तर खळीचा रोल समांतर बसलेला नाही. दर पाळीला एकदा तरी हे कराच.

आता वाक. ज्या लायनरमध्ये पाणी जास्त, तो मागाहून सुकताना जास्त आक्रसतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाटीसारखा वळतो. त्याच लायनरला प्रीहीटरवर, म्हणजे चिकटण्याआधी कागद तापवणाऱ्या रोलवर, जास्त वेढा द्या. खळ जाड लागत असेल तर ती आधी कमी करा, कारण खळीतलं पाणीही कागदातच मुरतं. वर वजन ठेवून सरळ करायला जाऊ नका, लाटा चेपतात आणि खोक्याचा जोर कायमचा जातो.

उलट फार सुकवलं तर क्रीझवर, म्हणजे घडीच्या रेघेवर, लायनर तडकतो. 7-8 टक्के ओलावा बरा. ताजा, गरम पुठ्ठा थंड होऊ द्या, मगच क्रीझिंग आणि स्लॉटिंग (फ्लॅपसाठी खाचा कापणं). पिना मारा किंवा फ्लॅप चिकटवा, खोक्यात लाटा उभ्याच राहिल्या पाहिजेत; थप्पीचं वजन त्याच पेलतात. आणि दमट हवेत हा जोर निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून थप्पी फरशीवर नको, पॅलेटवर ठेवा.