उन्हाळ्यात इंकजेट प्रिंटरची निगा
नाशिकमध्ये मार्च सरत आला की हवा कोरडी पडते आणि प्रिंटर आठवडेच्या आठवडे पडून राहिला, तर शाई फवारणाऱ्या हेडच्या, केसाहून बारीक असलेल्या छिद्रांत शाई सुकू लागते. म्हणून मी दर रविवारी पाठकोऱ्या, पण न चुरगळलेल्या कागदावर नोझल चेक, म्हणजे सगळ्या रंगांच्या रेघांचे चाचणीचे पान, काढतो. एखाद्या रंगाच्या रेघा तुटक दिसल्या, तरच हेड क्लीनिंग करावे, म्हणजे प्रिंटरला शाई ओढून छिद्रे मोकळी करू द्यावीत. एरवी महागाची शाई आतल्या शोषक पॅडमध्येच जिरते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, कारण छपाई संपताक्षणी भिंतीवरचे बटण दाबल्यास हेड रबरी टोपणावर जाऊन बसण्यापूर्वीच वीज जाते आणि छिद्रे उघडी राहतात. वीज वाचवण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे मात्र हेड साफ करण्याहून अवघड आहे.