हैदराबादचं स्पिटफायर

परवा रात्री साडेअकराला प्रोपेलर दाबून बसवला आणि स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, प्लास्टिकचं मॉडेल एकदाचं पूर्ण झालं. एप्रिलमध्ये सुरू केलं होतं, आता ऑगस्ट अर्धा होत आला. 1/72 स्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा बहात्तर पटीने लहान, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर, हाताच्या पंजावर अलगद मावतं. एवढ्याशा वस्तूला चार महिने कसे लागतात हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय. लागतात, कारण बॉक्सवरच्या चित्रातलं विमान मला करायचंच नव्हतं.

किट एअरफिक्सचं, स्पिटफायर मार्क वन, म्हणजे त्या विमानाची पहिली आवृत्ती. बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात मेड इन इंडिया लिहिलेलं, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं, विमान इंग्लंडचं, कंपनी इंग्लंडची आणि प्लास्टिक ओतलंय आपल्याकडे. आत डिकॅलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांची, शीट होती ती दुसऱ्याच स्क्वाड्रनची, विमानदलाच्या तुकडीची. मी मात्र आधीच ठरवून बसले होते की हे 152 स्क्वाड्रनचं करायचं.

152 चं पूर्ण नाव 152 हैदराबाद स्क्वाड्रन. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांना विमानांसाठी पैसे दिले म्हणून त्यांनी स्क्वाड्रनला त्याच्या संस्थानाचं नाव दिलं, स्क्वाड्रनच्या बॅजवर निजामाची पगडी आणि खाली ब्रीदवाक्य फेथफुल ॲलाय, विश्वासू दोस्त, जी मुळात इंग्रजांनी निजामालाच दिलेली पदवी. आता मी परभणीची. आमच्याकडे निजाम म्हटलं की आधी रझाकार आठवतात, 17 सप्टेंबरचं झेंडावंदन आठवतं, आजी कुठलीही जुनी गोष्ट सांगताना ती पोलीस ॲक्शनच्या आधीची की नंतरची ते आधी सांगायची. आणि 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी लढणाऱ्या स्पिटफायरच्या स्क्वाड्रनला आपल्या त्या संस्थानाचं नाव होतं हे मला चाळिशी आली तरी माहीत नव्हतं.

अण्णांचा फोन आला तेव्हा मी पंखाचे दोन भाग घासत बसले होते.
"काय करायलीस गं माय?"
"विमान करायलेय अण्णा. निजामाच्या पैशातलं."
मग सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निजामाचा कुठला आलाय पैसा? सारा तर माझ्या आज्यानं भरला."

त्या एका वाक्यानंतर हे मॉडेल माझ्यासाठी वेगळंच झालं. खरंच आहे की, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात, निजामाची तिजोरी भरत होती ती शेतसाऱ्यातून, त्यात तेलंगणातला शेतकरी आला, कर्नाटकातला आला आणि आमच्या काळ्या रानातला ज्वारी-कापूसवालाही आला. आमच्या घरी अजून एक हाली रुपया आहे, चारमिनारचं चित्र असलेला, आजीने शेवटपर्यंत जपला. तसले रुपये गोळा होत होत कुठवर पोचले, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलच्या धावपट्टीपर्यंत. 152 जुलै 1940 मध्ये तिथे आलं, जवळच पोर्टलंडचं नौदलाचं बंदर, त्याची राखण यांच्याकडे.

आता बांधणीचं. कॉकपिट इतकं छोटं की खुर्चीचे पट्टे मी मास्किंग टेपच्या मिलिमीटरभर पट्ट्या कापून चिमट्याने लावले, कॅनॉपी, म्हणजे वरची काच, लागल्यावर ते नीट दिसतही नाहीत पण लावले. मग खालचे दोन रेडिएटर. मार्क वनमध्ये हे दोन्ही बाजूंना सारखे नसतात, उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली छोटा अर्धगोल ऑइल कूलर. विमान पालथं धरून काम करताना डावं-उजवं हमखास उलटं होतं, म्हणून मी पंखावर आतून पेन्सिलने लिहूनच ठेवलं होतं. कुणी हे किट करणार असेल तर एवढं नक्की करा.

खरा वेळ गेला पंखात. स्पिटफायर ओळखायचं ते पंखावरून, पिंपळाच्या पानासारखा नाही, जरा पेरूच्या पानासारखा म्हणा, दोन्ही कडा वळत वळत टोकाला मिळतात. रेजिनाल्ड मिचेल हा त्याचा मुख्य डिझायनर. पंख पातळ हवा म्हणजे वेग मिळतो, पण त्याच पंखात एका बाजूला चार अशा आठ मशीनगन बसवायच्या आणि चाकंही दुमडून आत घ्यायची, हे सगळं जमवायला लंबगोल पंख सोयीचा पडला कारण तो बुंध्याशी बराच आतपर्यंत रुंद राहतो. पहिलं उड्डाण 5 मार्च 1936 ला साउथॅम्प्टनजवळ ईस्टलीला झालं. मिचेल कॅन्सरने आजारी होता, जून 1937 मध्ये गेला, वय फक्त 42. स्क्वाड्रनमध्ये विमान दाखल झालं 1938 मध्ये, म्हणजे त्याने ते लढताना पाहिलंच नाही. मी पंखाची मागची कड घासताना रोज त्याचा विचार करायचे. किटमध्ये ती कड जाड येते, प्लास्टिकला पर्याय नसतो, खऱ्या विमानाच्या हिशेबाने ती चांगली दोन-तीन इंच भरेल. वरचा आणि खालचा भाग चिकटवायच्या आधी आतल्या बाजूने पॉलिश पेपरवर घासत राहायचं, मधेमधे उजेडासमोर धरायचं, प्लास्टिकमधून बोटाची सावली दिसायला लागली की थांबायचं. दोन पंखांना मिळून पाच संध्याकाळी गेल्या आणि त्या मला सगळ्यात जास्त आवडल्या.

पंख धडाला जोडताना ते किंचित वर उचललेले हवेत, सहा अंश. मी पुठ्ठ्याचा साचा कापला, विमान त्यात रात्रभर ठेवलं, सकाळी दोन्ही टोकं टेबलापासून मोजली, सारखी आली. पंखाच्या बुंध्याशी केसाएवढी फट राहिली ती पुट्टीने भरली.

कॅनॉपीचं मात्र वाईट झालं. छोटासा आरसा लावायला मी घाईत इन्स्टंट ग्लू वापरला आणि त्याच्या वाफेने काच आतून धुकं धरल्यासारखी पांढरी झाली. रात्री एक वाजला होता, मी लाइट बंद करून झोपले, रडूच आलं होतं. दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट लावून सुती कापडाने हळूहळू घासली, मग क्लिअर ॲक्रिलिकमध्ये बुडवून पालथी ठेवून वाळवली. ऐंशी टक्के सुधारली. डाव्या बाजूला कोपऱ्यात अजून एक ठिपका आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि रंगकाम थांबलं. लॅकर जातीचा रंग दमट हवेत मारला की पांढरट झाक येते, पुण्यात जुलैमध्ये तर विचारूच नका. उघडीप मिळेल त्या दुपारी एकेक थर मारला. वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून स्काय, म्हणजे फिकट हिरवट पांढरा, आपल्याकडे जुन्या दवाखान्यांच्या भिंतींना असायचा ना तसा. हा स्काय जून 1940 मध्ये आला, त्याआधी विमानाचं पोट अर्धं काळं अर्धं पांढरं असायचं. आणि हुकूम आला तेव्हा सगळीकडे तयार रंग पोचलेला नव्हता, ज्याने त्याने हाताशी होतं ते मिसळून काढलं, त्यामुळे या रंगाबद्दल मॉडेलवाले आजही तासन् तास वाद घालतात. मी थोडा निळसर ठेवला.

खुणा बघायला लागलं की महिन्या-महिन्याला नियम बदललेले सापडतात. धडावरच्या राउंडेलला, म्हणजे ब्रिटिश विमानदलाच्या गोल खुणेला, बाहेरून पिवळं कडं आलं मे 1940 मध्ये, शेपटीवरचे तीन पट्टेही तेव्हाच. शेपटीजवळचा फिकट पट्टा आला नोव्हेंबरच्या शेवटी. पंखाखालचे राउंडेल उन्हाळ्यात काढून टाकले होते ते ऑगस्टच्या मध्यावर परत आणले. म्हणजे आधी तारीख ठरवायची आणि मग विमान रंगवायचं. मी तारीख घेतली 12 ऑगस्ट 1940.

त्या दिवशी जर्मन बॉम्बर पोर्ट्समथवर आणि आयल ऑफ वाइट बेटावरच्या व्हेंटनरच्या रडारवर चालून आले आणि वॉर्मवेलहून 152 ची स्पिटफायर त्यांच्यावर गेली. त्यात पायलट ऑफिसर डग्लस शेपली होता. तो बेटाच्या दक्षिणेला समुद्रावर लढताना गेला. त्याचा एक भाऊही वैमानिक, तो मे महिन्याच्या शेवटी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कला मारला गेलेला. शेफील्डकडचं कुटुंब. आणि डग्लसची आई आणि बायको, दोघींनी मिळून काय केलं तर लोकांकडून 5,700 पौंड गोळा केले, एक नवीन स्पिटफायर घेण्यासाठी, आणि त्या विमानाला नाव दिलं शेपली. एका स्पिटफायरची देणगीची रक्कम तेव्हा 5,000 पौंड धरत. मी हे वाचलं त्या संध्याकाळी काम पुढे सरकलं नाही. एकीकडे मुलगा गेल्यावर पैपैसा जमवणारी आई, जिला माहीत आहे आपला पैसा कशासाठी चाललाय, आणि दुसरीकडे परभणीच्या गावात सारा भरून पावती घेऊन परत निघालेला माझा पणजोबा, ज्याला कुणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. विमानं दोघांच्या पैशाने उडली. पहिलीचं नाव विमानावर लिहिलं गेलं, दुसऱ्याच्या वाटणीला राजाचं नाव आलं. माझा राग इंग्रज पायलटांवर अजिबात नाही, ती पोरं विशी-बाविशीची होती. पण पणजोबाचा हिशेब कुणीतरी मांडायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अक्षरं सगळ्यात शेवटी. 152 चा कोड, म्हणजे धडावरची स्क्वाड्रनची राखाडी ओळख-अक्षरं, यूएम. प्रिंटरने क्लिअर डिकॅल पेपरवर राखाडी छापला तर खालचा हिरवा-तपकिरी त्यातून दिसतो, म्हणून कोरा डिकॅल पेपर एअरब्रशने राखाडी रंगवला, वाळल्यावर नव्या ब्लेडने दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी पाण्यात भिजवून अक्षर जुळवलं. एमला चार पट्ट्या. यूचा खालचा वळसा पट्टीने होत नाही, तो वेगळा कापला, तीन फुकट गेले चौथा बसला. अक्षराची उंची सेंटिमीटरभरही नाही, श्वास रोखूनच काम. राउंडेलच्या पलीकडे विमानाचं स्वतःचं एक अक्षर असतं, मी ए घेतलं, ते सरळ पट्ट्यांत बसतं. हे ठराविक कुणा पायलटचं विमान म्हणून केलेलं नाही, त्या स्क्वाड्रनचं त्या दिवसाचं एक विमान एवढंच, म्हणून सिरियल नंबर लावला नाही.

पंखांच्या पुढच्या कडेला मशीनगनच्या तोंडावर लाल कापडाचे तुकडे चिकटवत, आत गारठा आणि धूळ जाऊ नये म्हणून. गोळीबार झाला की ते फाटतात आणि मागे काजळीचे ओरखडे उठतात. प्रत्येक गनला 300 गोळ्या, सलग झाडल्या तर साधारण पंधरा सेकंदांत संपल्या. मी आठही तुकडे अख्खे ठेवलेत, काजळी काढली नाही. हे विमान अजून निघायचंय, सकाळची वेळ आहे.

हेच 152 पुढे 1943 अखेर भारतात आलं आणि मग ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलं, मार्क एट स्पिटफायर घेऊन, धडावर राउंडेलवरून झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला. ते किट आणून ठेवलंय, दिवाळीनंतर उघडेन.

गणपतीला अण्णा येणारेत. हाली रुपया आणा म्हणून सांगितलंय, शेजारी ठेवायला. काल व्हिडिओ कॉलवर विमान सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं तर त्यांनी विचारलं, "हैदराबाद कुठं लिहिलंय?" म्हटलं विमानावर नसतं अण्णा, खाली लाकडी पट्टी करणारेय त्यावर लिहीन, 152 हैदराबाद स्क्वाड्रन, वॉर्मवेल, ऑगस्ट 1940.

"त्याच्या खाली परभणी लिही," म्हणाले. पट्टी सागाची आणलीय, अर्धा इंच जास्तच कापली.