तुम्ही विचारलंत म्हणून: रोलर डर्बी नुरा कुस्तीच होती ना?

चाकांचे बूट घालून, गोल ट्रॅकवर एकमेकांना धक्के देत खेळायच्या या अमेरिकी खेळाबद्दल हा प्रश्न नेहमी हसत हसत येतो. कुणीतरी जुनी कृष्णधवल क्लिप पाहिलेली असते. त्यात बायका एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत, एक जण कठड्यावरून पलीकडे गेली आहे. "निकाल आधीच ठरलेला असणार!"

झिंज्या लुटुपुटूच्या होत्या, हे मान्य करते. त्या काळच्या खेळाडूंपैकी ॲन कॅल्व्हेलो केस रंगवून प्रेक्षकांच्या शिव्या ओढवून घ्यायची, जोन वेस्टन लाडकी नायिका. तिकिटं त्यावर खपायची. पण कॅल्व्हेलोचं नाक अनेकदा मोडलं ते खरोखरच मोडलं. ट्रॅक लाकडी सांगाड्यावर हार्डबोर्ड ठोकून केलेला, बाहेरची कड उंच. आत ढकललेली खेळाडू उतारावरून घसरते, खरचटण्यावर भागतं. बाहेर ढकललेली कठड्यावर आदळते, तिथे बरगड्या जातात. पडताना बोटं मुठीत घ्यायची, नाहीतर मागून येणारीची चाकं त्यावरून जातात. मारामारी खोटी असली तरी हे गणित बदलत नाही.

संशयच घ्यायचा तर तो झिंज्यांवर घेऊ नका, मालकीवर घ्या. सगळे संघ हा खेळ सुरू करणाऱ्या एकट्या लिओ सेल्ट्झरचे, पुढे त्याच्या मुलाचे. दोन्ही बाजू एकाच खिशातल्या असतील तर निकालाबद्दल शंका घेणाऱ्याला मूर्ख कसं म्हणायचं? पूर्वी या मुद्द्यावर मी तावातावाने भांडले असते. आज तेवढी खात्री नाही.

मात्र 24 मार्च 1937 विसरू नका. 13 ऑगस्ट 1935 ला शिकागोच्या कोलिझियममध्ये सुरू झालेली डर्बी तोवर गावोगाव फिरू लागली होती. एक स्त्री, एक पुरुष अशा जोड्यांनी 57,000 फेऱ्या मारायच्या, असा तो मूळ खेळ. धक्काबुक्की नंतरची, मायामीत डेमन रनियन या लेखकाने सुचवल्यावर आलेली. त्या दिवशी सेंट लुइसहून सिनसिनाटीला निघालेल्या बसमध्ये खेळाडू होते, मदतनीस होते. इलिनॉयमधल्या सेलमजवळ उतार संपून पूल येतो, तिथे टायर फुटला. बस पुलाच्या कठड्यावर आदळली, कलंडली आणि लगेच पेटली. वीसच्या आसपास माणसं गेली, फार थोडी वाचली. नुरावाले म्हणतील, बघा, एकमेकांविरुद्ध खेळणारे एकाच ताफ्यातून फिरायचे! फिरायचेच. स्वतःचं मैदान नसलेल्या खेळाला दुसरं परवडणार काय होतं? पुढे 1 नंबरची जर्सी त्यांच्या आठवणीत कायमची बाजूला ठेवली गेली. तरी दौरे थांबले नाहीत. स्त्रिया आणि पुरुष आलटून पालटून, एकाच नियमांनी खेळायचे, दोघांचे गुण एकत्र धरले जायचे. त्या काळात असं दुसरीकडे कुठे होतं, ते मला दाखवा.

1972 मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कात एका सामन्याला 50,000 प्रेक्षक होते. पुढच्या वर्षाअखेर सगळं बंद. तेलटंचाई, फिरण्याचा खर्च.

आजची डर्बी टेक्सासमधल्या ऑस्टिनहून निघाली, 2001 नंतर. सपाट ट्रॅक, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा जॅम, म्हणजे गुणांसाठीची एक झटापट. प्रत्येक बाजूला घोळक्यात वाट अडवणाऱ्या चार ब्लॉकर आणि त्यातून पुढे निघून गुण मिळवणारी एक जॅमर. जॅमरला बाहेर ढकललं की ब्लॉकर लगेच उलट दिशेला पळतात, कारण तिला ढकलणारीच्या मागूनच आत यावं लागतं. पण घोळक्यापासून 20 फुटांपलीकडे गेलं की ब्लॉकर खेळाबाहेर. या खेळाडूंना पगार नाही, उलट त्याच वर्गणी भरतात. पैसे मिळायचे त्यांना नाटक करावं लागलं, या फुकट खेळतात आणि सरळ खेळतात. यातून जुन्यांबद्दल काय सिद्ध होतं? मला विचाराल तर काहीच नाही.

आजचा सामना पाहणार असाल तर हाणामारी सोडा, जॅमरच्या कमरेवर नजर ठेवा. घोळका एकदा पार केल्यानंतरच्या फेऱ्यांत समोरच्या संघातल्या ब्लॉकरची कंबर तिच्या कमरेने ओलांडली की गुण.