विचारून टाकलेला फोटो

गेल्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलाचे स्टिकर झाले. सहलीहून परतताना तो बसमध्ये तोंड उघडे ठेवून झोपला होता. शेजारी बसलेल्या मित्राने घरून आणलेल्या फोनवर त्याचा फोटो काढला, आणि रात्रीपर्यंत मुलांनी आपसांत तयार केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते स्टिकर फिरू लागले. मुलगा पुढे दोन दिवस शाळेत आला नाही. फोटो काढणारा त्याचा जिवलग मित्रच होता, मी बोलावले तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "बाई, गंमत केली हो." त्याने आपला संदेश सर्वांसाठी डिलीटही केला होता, परंतु ज्यांनी ते स्टिकर आपल्याकडे जपून ठेवले होते त्यांच्या फोनमधून ते जाणार नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

मी या वर्गाला संगणक शिकवते. तोवर माझा 'सुरक्षितते'चा पाठ भिंतीवरच्या तक्त्याबाहेर जात नसे: पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सूचना सगळ्या योग्यच, पण त्या तक्त्यातला धोका नेहमी बाहेरून येतो आणि आमचा धोका शेजारच्या सीटवर बसला होता. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी मुलांपुढे एकच प्रश्न ठेवला: ज्याचे आहे त्याला विचारले का? फोन आपला असला तरी चेहरा दुसऱ्याचा आहे, एवढे सातवीच्या मुलाला सांगितल्यावर लगेच समजते. दुसऱ्याची सायकल न विचारता न्यायची नाही, हे त्याला आधीपासून ठाऊकच असते.

त्यानंतरचे दोन तास आम्ही संगणक सुरूच केला नाही. मी फळ्यावर 'तू कशाला आलीस' एवढेच लिहिले आणि काही जणींना ते वाचायला सांगितले. एकीने ते ताप असूनही शाळेत आलेल्या मैत्रिणीला म्हणावे तसे काळजीने वाचले, दुसरीने हाकलून द्यावे तसे. मग प्रत्येकाने ग्रुपवर पाठवलेला एक संदेश चिठ्ठीवर लिहायचा आणि ज्याला उद्देशून तो होता त्याच्यासमोर उभे राहून वाचायचा, असे ठरले. निम्म्या मुलांनी चिठ्ठी खिशात घातली. त्यांना मी आग्रह केला नाही; न वाचण्याचे कारण त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळले होते.

हाच प्रश्न पैशाच्या बाबतीतही उपयोगी पडतो. 2020 साली शाळा बंद होऊन वर्ग फोनवर आले, तेव्हापासून अनेक घरांत आजी-आजोबांचे संदेश वाचून दाखवणे हे नातवंडांचेच काम झाले आहे. फोनवरचा माणूस ओटीपी मागतो आणि मूल मदत म्हणून तो मोठ्याने वाचते. ओटीपी आजीचा आहे, म्हणून तो सांगण्याआधी आजीला आणि घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला विचारायचे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, खात्यात पैसे येण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही, ही गोष्ट मी मुलांकडून वहीत लिहून घेतली. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करायचा, कारण जितका उशीर होतो तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. कोणी फोटोवरून धमकावत असेल आणि घरी बोलण्याचे धैर्य होत नसेल, तर मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. मात्र मूल बोलते तेव्हा पहिल्याच वाक्याला "तुझा फोनच काढून घेते" असे उत्तर मिळाले, तर ते पुन्हा बोलत नाही. हे मी पालकसभेत सांगितले तेव्हा काही पालकांना ते रुचले नाही.

आणि मग एका मुलीने मलाच विचारले, "बाई, सहलीचे फोटो तुम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकलेत, तेव्हा आम्हाला विचारलं होतं का?" विचारले नव्हते. घटक चाचणीच्या गुणांची यादीही मी नावांसह त्याच ग्रुपवर टाकली होती. 18 वर्षांखालील मुलाची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे 2023चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो; पण खरे पाहता त्या मुलीला उत्तर देण्यासाठी मला कायद्याची गरज नव्हती. मी वर्गासमोर चूक कबूल केली. गुण आता ज्याच्या त्याच्या पालकांना वेगळे कळवते; त्यात वेळ जातो, आणि आमच्या शिक्षक-खोलीत त्यावरून माझी थोडी थट्टाही होते.

यंदा स्नेहसंमेलनाआधी घरोघरी चिठ्ठी पाठवली. तिच्यात पालकांच्या सहीखाली मुलाच्या सहीसाठीही एक ओळ ठेवली होती. सहा चिठ्ठ्या 'नको' म्हणून परत आल्या, त्यांपैकी दोन अशा होत्या की पालकांनी 'चालेल' लिहिले होते आणि खाली मुलाने 'नको'. त्या दोघांचे फोटो आम्ही टाकले नाहीत. त्यांतल्या एकाची आई नंतर भेटायला आली. मुलगा नाटकात होता आणि फोटो गावी मामाला पाठवायचा होता. मी तिला म्हटले, "त्यालाच विचारा."