रेवदंडा ते मांडवा आणि परत : आमची वाटचाल

पुण्याच्या नारायण पेठेतील आमच्या सायकलच्या दुकानात, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्याच्या स्टँडशेजारी, खिळ्याला अडकवलेली एक जाड वही आहे. जानेवारी २००९ पासून आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर नेलेल्या प्रत्येक सायकल-सहलीच्या दिवशीचा वारा तिच्यात लिहिलेला आहे: खारा वारा किती वाजता सुटला, कोणत्या बाजूने आला, माडांच्या झावळ्या किती हलत होत्या आणि शेवटचा सायकलस्वार रेवदंड्याला किती वाजता पोहोचला. आमच्या व्यवसायाची मालमत्ता कोणती असे कोणी विचारले, तर भिंतीला टांगलेल्या बावीस सायकली किंवा टेम्पो न दाखवता मी ही वही पुढे करतो. २०१८ साली आमचे बाकी सारे एका माणसाने उचलून नेले. ही वही तेवढी त्याला कामाची वाटली नाही.

दुकान वडिलांनी १९६८ साली तासाच्या भाड्याने सायकली देण्यासाठी काढले. पुणे सायकलींचे शहर होते तोवर ते चालले, घरोघरी स्कूटर आली तसे ते दुरुस्तीवर आले, आणि मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा पंक्चर व ओव्हरहॉलिंग यांवर घर चालत होते. त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सहलीची कल्पना गिऱ्हाइकांच्या तक्रारीतून आली. गिअरच्या नव्या सायकली घेतलेली मंडळी सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या चढावर एकदा जात, दमून परत येत आणि सायकल जिन्याखाली लावून टाकत. त्यांना दिवसभर चालवता येईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवावीशी वाटेल असा सपाट रस्ता हवा होता. तो मला रेवदंडा ते मांडवा या किनाऱ्यावर सापडला: चौल, नागाव, आक्षी, अलिबाग, वरसोली, थळ, किहीम, आवास, सासवणे. जाऊन-येऊन पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, एखादा पूल किंवा किरकोळ चढ सोडला तर सारे सपाट, आणि बराचसा रस्ता नारळी-पोफळीच्या सावलीतून.

सपाट म्हणजे सोपे, ही समजूत मात्र चुकीची आहे. घाटात माणूस चढावर दमतो, पण उतारावर पाय थांबवतो, सीटवरून उठतो, हाताची पकड बदलतो. सपाटीवर उतारच नसल्यामुळे तशी विश्रांती मिळत नाही. एकाच बैठकीत तासन्‌तास पायडल मारावे लागते, आणि सीट अर्धा इंच जरी खाली राहिली तरी चाळिसाव्या किलोमीटरला गुडघा दुखू लागतो. म्हणून आम्ही आदल्या दिवशी प्रत्येकाला दुकानात बोलावून सीट लावून देतो: पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने मारताना तो हवा तेवढाच वाकतो. त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ हवा कापण्यात जाते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या माणसाला समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा लागला, तर त्याच्या छातीवर ३५ किलोमीटर वेगाची हवा येते आणि रोध तिप्पट होतो. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारा असतो आणि वाड्यांची झाडी तोही अडवते. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो आणि तीन-चारच्या सुमारास त्याला सर्वांत जोर येतो. यावरूनच आमचा क्रम ठरला. रात्री पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ, कार्ले खिंड करत, अलिबागला न थांबता थेट रेवदंड्यापर्यंत जायचे, साडेसहाला दिवे लावून उत्तरेकडे निघायचे, अकराच्या आत मांडवा गाठायचे, आवासजवळच्या एका वाडीत जेवायचे आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन दक्षिणेकडे परतायचे.

मिठाचा धडा आम्ही पैसे मोजून घेतला. पहिल्या हंगामात नागावच्या ओल्या वाळूवरून हौसेने सायकली चालवल्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, अष्टमीला सहा, हा हिशेब तिथल्या कोळ्यांनी शिकवला होता, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण हंगाम संपता संपता फ्रीव्हील करकरू लागल्या, स्पोक ताणून धरणाऱ्या निपल रिममध्ये जाम झाल्या, आणि हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडले तर छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर खड्डे पडलेले आणि छर्रे तांबूस झालेले. त्यानंतर आम्ही वाळूवर सायकल नेली नाही, आणि जमेल तसे एकेका सायकलीला सीलबंद बेअरिंगचे हब घातले. ती सर्व चाके आमच्या उस्तादांनी बांधली. उस्ताद वडिलांच्या वेळचे मिस्त्री. आऊट डोळ्याने काढायच्या आधी कानाने काढावा असे ते सांगत. स्पोक बोटाने छेडत जावे, एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे, ढिला स्पोक खालच्या सुरात बोलतो. त्यांचा पितळी स्पोक पाना आता खाच झिजल्यामुळे निपल गोल करतो, म्हणून तो वापरात नाही, परंतु तो अजून त्यांच्याच खणात ठेवलेला आहे. समुद्रावर सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की त्याच संध्याकाळी ती गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, पाइपची धार हबवर मारू नये, चेन कोरडी करून कडीगणिक एक थेंब तेल सोडावे आणि बाहेरचे तेल पुसून काढावे, कारण वर राहिलेले तेल फक्त वाळू धरून ठेवते. घरातले खोबरेल तेल चेनला कधीही लावू नये.

एरंडवण्यात राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, पहिल्या सहलीपासून आमच्याबरोबर आहेत. त्या वेगाने जात नाहीत. ताशी १५-१६ किलोमीटरची एकच गती त्या दिवसभर राखतात आणि पहिल्या तासात पुढे धावलेल्यांना चारनंतर एकेक करून गाठतात. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, शिलाहारांच्या काळातील मराठी शिलालेख आहे. तिथे थांबल्यावर त्याची माहिती बाईंनीच द्यायची, हा आता नियम झाला आहे.

२०१५ साली एक तरुण आमच्याकडे कामाला आला. हुशार, बोलण्यात गोड, हाताने चांगला. मी त्याला चेन तोडण्यापासून हिशेबापर्यंत सर्व शिकवले, तीन हंगाम त्याला सहलीवर नेले, आणि नागावचा चहावाला, आवासची वाडी, टेम्पोवर सायकली उलट्या बांधण्याची आमची पद्धत, हे सारे त्याच्यासमोर उघडे ठेवले. २०१८ च्या दिवाळीनंतर त्याने तीस नव्या सायकली घेऊन हीच सहल स्वतःच्या नावाने सुरू केली. आम्ही माणशी २,२०० रुपये घेत होतो, त्याने १,२०० लावले. त्याने पाठवलेल्या माहितीपत्रकात आमची वाक्ये होती, आणि एका छायाचित्रात आमच्या बाई होत्या. त्यांना त्याने विचारलेही नव्हते. त्या हंगामात आमच्या बावीस जागांपैकी कधी सहा, कधी चार भरल्या. टेम्पोच्या कर्जाचे हप्ते मी पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरले. याविषयी माझ्या मनात आजही कटुता आहे आणि ती लपवावी असे मला वाटत नाही.

त्याची चूक एवढीच झाली की पुण्याहून येताना रेवदंडा अलिबागच्याही पुढे पडतो, म्हणून वेळ वाचवण्यासाठी त्याने मांडव्याकडूनच सुरुवात केली. सकाळी त्याची माणसे शांत हवेत दक्षिणेला रेवदंड्यापर्यंत सहज गेली, पोटभर जेवली आणि दोननंतर वायव्येच्या वाऱ्यात तोंड घालून परत निघाली. एका रविवारी आक्षी-साखरच्या पुलावर आमचा जथा दक्षिणेकडे जात असताना त्याची माणसे समोरून येत होती. बाई उतरल्या, वाऱ्यात उभ्या राहून त्यांनी दोन अनोळखी मुलींना एकामागे एक, चाकाला चाक धरून कसे चालवायचे आणि दर दोन मिनिटांनी पुढची जागा कशी बदलायची हे समजावले, आणि मग त्या पुढे निघाल्या. मला ते त्या वेळी आवडले नव्हते. त्याची निम्मी माणसे टेम्पोतून परतली असे नंतर कळले. परंतु त्याचा फायदा आम्हांला झाला नाही, कारण पुण्यात बोलले गेले ते ‘किनाऱ्याची सहल फार दमवते’ असे, आणि कोणाची सहल हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या हंगामाअखेर त्याने सायकली विकल्या. त्यांतल्या पाच मीच, दुसऱ्याच्या नावाने, विकत घेतल्या.

आम्ही सावरतो आहोत असे वाटत असतानाच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आवासच्या वाडीवाल्या काकांचा फोन चार दिवसांनी लागला. पोफळी मधूनच मोडल्या होत्या, माड आडवे झाले होते, आणि आम्ही ज्या पडवीत जेवत असू तिचे छप्पर विहिरीत पडले होते. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात, हे सायकलवाल्यांना सांगूनही पटत नाही. त्या वर्षी आगाऊ भरलेले पैसे परत मागायला बाई आल्या नाहीत. जुलैमध्ये त्या यजमानांची पायडलचे दांडे खिळीने बसवलेली जुनी कॉटर पिनची सायकल रिक्षात घालून घेऊन आल्या आणि संपूर्ण ओव्हरहॉलिंगचे पैसे आधीच टेबलावर ठेवून गेल्या. त्यानंतर महिनाभरात पुण्यातील असंख्य सायकली जिन्याखालून बाहेर निघाल्या, नव्या सायकलींना महिनोन्‌महिने थांबावे लागू लागले, आणि टायर, ट्यूब व स्पोक यांवर आमचे कर्ज फिटले.

नंतरच्या हंगामांत सहली नेमाने होत आहेत. आवासच्या वाडीत तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि अलिबागचा पांढरा कांदा पूर्वीसारखाच मिळतो, फक्त पान अजून पत्र्याच्या छपराखाली वाढले जाते, कारण नव्या पोफळींची सावली अद्याप पुरेशी पडत नाही. साडेबाराला काका बाहेर येऊन झावळ्यांकडे बघतात, वारा सुटला की हाक मारतात, आणि मी वहीत वेळ लिहून सायकली दक्षिणेकडे तोंड करून उभ्या करायला सांगतो.