जॉर्जियाचा २०२१ चा डिफेन्स: चुकलेला रकाना आणि अप्पांची वही

झाले एकदाचे. १५ पैकी १५ सामने.

जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या २०२१ च्या डिफेन्सचा (गुण अडवणाऱ्या अकरा जणांचा) प्रत्येक स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारी प्रत्येक चाल, थांबवून, मागे नेऊन वहीत उतरवायचा, असं जानेवारीत ठरवलं तेव्हा वाटलं होतं, होळीपर्यंत आटपेल. आता श्रावण लागलाय. उशिराचं कारण आळस नाही (म्हणजे अर्धंच आहे). पहिले चार सामने मी चुकीचे भरले होते, ते खोडून पुन्हा भरावे लागले. ती चूक आधी सांगतो, तुमचे तरी चार सामने वाचतील.

तक्त्यात माझा एक रकाना होता, 'चढाई'. स्नॅपनंतर क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्या मुख्य गड्याच्या) अंगावर किती जण गेले, तो आकडा. क्लेमसनच्या सामन्याला बसलो आणि भराभर लिहीत सुटलो. सहा, सहा, पाच, सहा. मनात म्हटलं, काय माणसं सोडतात हे लोक! मग मागे पास अडवायला उरतं कोण?

अप्पा शेजारी चहा घेऊन बसले होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. कराडहून सहा महिन्यांसाठी अटलांटाला आलेत. शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्टीत तालुकाभर कबड्डीचे पंच म्हणून फिरायचे. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना तोवर ओ की ठो माहीत नव्हतं. एकच स्नॅप मी तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नक्की मोजताय काय?"

"धावून किती गेले ते."

"मग चुकताय. दारात सहा उभे आहेत. आत चारच आले. दोघं उलटे मागं पळाले, बघा की."

पुन्हा मागे नेलं. खरंच! मधला लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचा गडी) सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याच्या, नाकासमोर येऊन वाकला होता, आता झेपावतोय असं वाटावं इतका. स्नॅप झाला आणि गडी पाठीमागे सरकला. त्याच वेळी दुसऱ्या टोकाकडून, जिकडे कोणी बघत नव्हतं, तिकडून एक जण सुसाट आत. समोरच्या लाइनने (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीने) ज्याला अडवायचं ठरवलं तो आलाच नाही, आणि जो आला त्याला अडवायला कोणी नाही.

अप्पांना यात नवल काहीच वाटलं नाही. "उजवा कोपरा पाय पुढं टाकून भीती दाखवतो, चढाईवाला तिकडं बघतो, आणि घोटा धरतो डावा कोपरा. त्यात काय!"

म्हणून आता दोन रकाने आहेत. नावं अप्पांचीच: 'दारात' आणि 'आत'. चार सामने पुन्हा भरले तेव्हा चित्रच बदललं. मी ज्यांना ब्लिट्झ (जास्तीची माणसं सोडून केलेली चढाई) म्हणून मोजत होतो त्यांतल्या कितीतरी वेळा चढाई चौघांचीच होती, मागे सात जण शाबूत. फक्त ते चौघे कोण, हे चेंडू सुटेपर्यंत कळत नव्हतं. इंग्रजीत याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात. मला आता 'दारातले सहा' हेच बरं वाटतं.

क्लेमसनचा सामना त्यामुळे तीन वेळा पाहून झाला आणि चौथ्यांदाही पाहीन. ४ सप्टेंबर २०२१, शार्लट. देशातल्या क्रमवारीत तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाचे संघ, निकाल १०-३. जॉर्जियाच्या ऑफेन्सचा (चेंडू पुढे नेणाऱ्यांचा) एकही टचडाउन, म्हणजे गोलरेषेपार चेंडू नेऊन मिळणारे सहा गुण, नाही. एकमेव टचडाउन डिफेन्सचा: सेफ्टी (सर्वांत मागे राखण करणारा) क्रिस्टोफर स्मिथने पास मधेच उचलला आणि ७४ यार्ड पळाला. क्लेमसनच्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असताना सात वेळा पाडलं, यालाच सॅक म्हणतात. धावून मिळवलेले यार्ड किती? दोन. अख्ख्या सामन्यात दोन. (कॉलेजात सॅकमध्ये गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर हा आकडा जादूचा वाटतो. वजा न करताही तो लाजिरवाणाच आहे.)

आता मधल्या जाडजूड गड्याबद्दल. यावरून आमच्या घरी वाद झाला.

जॉर्जियाचे प्रशिक्षक ज्या मांडणीला 'मिंट' म्हणतात, तिच्यात नोज टॅकल, म्हणजे डिफेन्सचा मधला गडी, सेंटरच्या बरोबर समोर, आणि दोन्हीकडचे दोघे समोरच्या लाइनमधल्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर उभे राहतात. (लाइनच्या टोकांचे ते टॅकल, त्यांच्या आणि सेंटरच्या मधले ते गार्ड.) गार्ड आणि टॅकलमधली फट बुजली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला मधून वाट नाही, आडवं पळत बाहेर जावं लागतं, आणि बाहेर वेगवान पोरं टपलेलीच. ही मांडणी पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे पास अडवणारे) ठेवून चालते, म्हणजे धाव अडवण्यासाठी मागची माणसं पुढे आणावी लागत नाहीत. पण एक अट आहे. मधला गडी एकट्याने दोघांना पुरून उरला पाहिजे.

तो गडी जॉर्डन डेव्हिस. सहा फूट सहा इंच, ३४१ पौंड, म्हणजे दीडशे किलोंच्या वर. याच वजनाने पुढे एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) चाचणीत ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला. पण तक्त्यात त्याच्या नावापुढे बघाल तर फारसं काही दिसत नाही. अप्पांनी विचारलं, "हा नुसता उभा राहतो. पाडतात दुसरेच. मग बक्षीस याला कशाचं?" आउटलँड आणि बेडनारिक हे कॉलेज फुटबॉलचे दोन्ही पुरस्कार त्या वर्षी त्याला मिळाले, असं मी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त डेव्हिसच्या समोरचे दोघे बघायला लावले. सेंटर आणि गार्ड, दोघेही त्याच्यावर खिळलेले. त्यामुळे मागचा लाइनबॅकर नाकोबे डीन मोकळा, कोणी हात लावायला नाही, सरळ चेंडूवर. डीनला सर्वोत्तम लाइनबॅकरचा बट्कस पुरस्कार मिळाला त्यात या ३४१ पौंडांचा वाटा मोठा आहे असं माझं मत. अप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांनी वहीत नवीन रकाना आखला: 'किती जणांना अडकवलं'. माझ्या तक्त्यात हा रकाना आजही नाही. त्यांच्यात आहे. त्यांचा तक्ता माझ्यापेक्षा चांगला आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाकी साखळी सामने भराभर सांगतो. १२ सामन्यांत मिळून ८३ गुण दिले, सरासरी ६.९. टचडाउन आणि वरची किक मिळून सात होतात, म्हणजे सामन्याला एक धड नाही. त्यातही यूएबीचे (बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाचे) सात डिफेन्सच्या खात्यातले नव्हेत, आपल्याच क्वार्टरबॅकचा पास पळवून केलेले. भोपळे तीन: व्हँडरबिल्ट ६२-०, आर्कान्सा ३७-०, जॉर्जिया टेक ४५-०. आर्कान्साच्या वेळी मी स्वतः अथेन्सला, म्हणजे जॉर्जिया विद्यापीठाच्या गावी, होतो. दुपारी बाराचा सामना, तरी सॅनफर्ड स्टेडियममध्ये असा आवाज की पहिल्याच ताब्यात आर्कान्साची लाइन चेंडू सुटायच्या आधी हलली. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०. माझे कान सोमवारपर्यंत वाजत होते.

फ्लोरिडाविरुद्ध जॅक्सनव्हिलला हाफटाइमच्या तोंडावर ३-० होते. मग अडीच मिनिटांच्या आत तीन वेळा चेंडू हिसकावला आणि २१ गुण झाले. पहिल्या दोन वेळा नोलन स्मिथ, तिसऱ्यांदा डीन, ५० यार्ड पळत. एवढ्या अडीच मिनिटांसाठी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि वाईट अजिबात वाटलं नाही.

कंटाळा आणला केंटकीने. २२ स्नॅपांचा शेवटचा ड्राइव्ह (चेंडू सलग एकाच संघाकडे असलेला डाव), ११ मिनिटांहून जास्त, आणि टचडाउन झाला तेव्हा घड्याळात चार सेकंद. सामना कधीच संपलेला होता. ते २२ स्नॅप भरताना माझं पेन संपलं.

टेनेसीचा सामना मात्र नीट बघा. ४१-१७, म्हणजे दणकून जिंकले, पण साखळीत सर्वांत जास्त गुण इथेच दिले. टेनेसी श्वास घेऊ न देता स्नॅप घेतं. समोरच्यांनी माणसं बदलली नाहीत तर डिफेन्सलाही बदलायला वेळ मिळत नाही, आणि जॉर्जियाचं सगळं गणित पुढच्या वजनदार गड्यांना आळीपाळीने विश्रांती देण्यावर. पहिल्या क्वार्टरनंतर टेनेसी १०-७ ने पुढे होतं. माझ्या वहीत समासात लिहिलंय: 'दम लागतो.' तीन आठवड्यांनी अलाबामाने नेमकी याच ठिकाणी बोटं घातली.

त्याआधी प्रशिक्षकांबद्दल, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट. जॉर्जियाचाच जुना सेफ्टी, वडील बेनब्रिजच्या शाळेत फुटबॉल शिकवायचे. निक सेबनच्या हाताखाली अलाबामात आठ हंगाम डिफेन्स सांभाळला आणि २०१६ पासून जॉर्जियात. म्हणजे ज्या अलाबामाशी गाठ पडायची होती, त्या घरात यानेच कधीकाळी स्वयंपाक केलेला. डिफेन्सच्या चाली पुकारायचा डॅन लॅनिंग. हा मिसुरीत शाळेत शिकवत होता. कॉलेजात काम मिळावं म्हणून रातोरात गाडी हाकत पिट्सबर्गला जाऊन धडकला आणि तिथे अगदी खालच्या पायरीवर लागला. त्याच्या जोडीला ग्लेन शूमन, आतल्या लाइनबॅकरांचा मास्तर, अलाबामात विद्यार्थी असल्यापासून स्मार्टच्या ओळखीचा. लाइनला ट्रे स्कॉट, मागच्या फळीला जमाइल अडाए. आणि विल मस्चँप! फ्लोरिडा आणि साउथ कॅरोलायना, दोन्हीकडे मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस त्या वर्षी साधा विश्लेषक म्हणून रुजू झाला. तेव्हा मैदानावर शिकवायची मुभा फक्त दहा सहायकांना होती, विश्लेषकाला नाही. ऑगस्टमध्ये एक जागा मोकळी झाली आणि मस्चँप स्पेशल टीम्सचा (किक मारताना-झेलताना उतरणाऱ्या तुकड्यांचा) प्रशिक्षक म्हणून मैदानात आला.

अप्पांना लॅनिंगची पिट्सबर्गची गोष्ट फार आवडली. "नोकरीसाठी रात्रभर गाडी? आमच्या वेळी एसटी होती."

४ डिसेंबर २०२१. अटलांटा, एसईसीची (जॉर्जिया आणि अलाबामा ज्या विभागीय संघटनेत खेळतात तिची) अंतिम लढत. १०-० ने पुढे, मग ४१-२४ ने हार. अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंगने ४२१ यार्डांचे पास टाकले आणि त्याला एकदाही पाडता आलं नाही. त्यांचा पास झेलणारा जेमसन विल्यम्स ६७ यार्डांचा टचडाउन करून गेला तो स्नॅप मी मुद्दाम अप्पांबरोबर पाहिला नाही. माझ्या तक्त्यात त्या दिवशी 'दारात' आणि 'आत' हे दोन्ही रकाने निरुपयोगी ठरले. यंगला कोण येणार ते कळत नसेलही, पण तो थांबतच नव्हता. एक पाऊल बाजूला, आणि चेंडू हातातून गेलेला.

एका आठवड्यात आणखी एक बातमी: लॅनिंग ऑरेगनचा मुख्य प्रशिक्षक होणार. हंगाम संपेपर्यंत मात्र तो थांबला. दोन नोकऱ्या एकदम करणारा माणूस चाली पुकारतोय, हे ऐकून मी तेव्हा आशा सोडली होती.

राष्ट्रीय उपांत्य सामन्यात मिशिगनला ३४-११ ने हरवलं, आणि त्यांच्या लाइनला त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम ठरवलेलं होतं. मग १० जानेवारी २०२२, इंडियानापोलिस, राष्ट्रीय अंतिम सामना, पुन्हा अलाबामा.

हा एकच सामना भरायला मला अकरा दिवस लागले. यंगने ५७ पास टाकले. यार्ड मिळाले ३६९, पण गोलरेषेजवळ आलं की दार बंद. चार फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन-तीन गुण), टचडाउन एकच, आणि तोही जॉर्जियाने स्वतःच्या १६ यार्डांवर चेंडू घालवल्यामुळे. या वेळी यंगला चार वेळा पाडलं. मला दिसलेला फरक असा: चढाई करणाऱ्यांनी नुसतं आत घुसण्याऐवजी त्याची बाजूला सटकायची वाट अडवली, आणि 'स्टार'च्या जागी, म्हणजे पाचव्या बॅकला, विल्यम पूल होता. जेलन कार्टरने एक फील्ड गोल हाताने अडवला. प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवलंय की अलाबामाचा पास झेलणारा मेची आधीच जखमी होता आणि विल्यम्स दुसऱ्या क्वार्टरमध्ये गुडघा धरून बाहेर गेला. ते दोघे असते तर? माझ्या रकान्यांत याचं उत्तर नाही.

शेवटी केली रिंगोने यंगचा लांब पास उचलला आणि ७९ यार्ड पळाला. ३३-१८. १९८० नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. स्मार्ट सीमारेषेवरून त्याला "खाली बस" म्हणून ओरडत होता, कारण बसला असता तरी सामना खिशातच होता. अप्पा टीव्हीसमोर उभे राहून उलट ओरडत होते, "पळ, पळ!" चार वर्षांपूर्वीचा सामना, निकाल माहीत असलेला.

त्या डिफेन्समधले पाच जण एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टच्या (संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्याच फेरीत गेले: ट्रॅव्हॉन वॉकर पहिल्या क्रमांकावर, मग डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट, लुईस सीन. एका विद्यापीठाच्या डिफेन्समधून एकाच फेरीत पाच, हे आधी कधी झालं नव्हतं. डीन तिसऱ्या फेरीपर्यंत घरंगळला. का ते मला पटलेलं नाही.

आता पुढचं. तक्ता तोच, रकाने तीन (अप्पांचा तिसरा मी ढापणार आहे). सामना ३ सप्टेंबर २०२२ चा, अटलांटा, जॉर्जिया ४९, ऑरेगन ३. पलीकडच्या सीमारेषेवर लॅनिंग, अलीकडे शूमन आणि मस्चँप मिळून डिफेन्स सांभाळतायत. ज्याने 'दारातले सहा' लावले, त्याच्यावरच ते लावले का, एवढंच बघायचंय. अप्पांचं परतीचं विमान २६ तारखेला आहे. त्याआधी पहिला हाफ तरी संपवायचा, असं त्यांनी बजावलंय.