बर्मंडसीतली एक्स-रे गाडी

दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लंडनमध्ये क्षयरोग (टीबी) शोधणारी आमची फिरती एक्स-रे गाडी बेघरांच्या निवाऱ्यांपुढे उभी राहायची. त्या दिवशी बर्मंडसीत होतो. एक तरुण पायरीपर्यंत यायचा, खोकायचा आणि मागे सरायचा. काही निघालं तर निवाऱ्यातली जागा जाईल, हे त्याच्या मनानं घेतलं होतं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. "पालिकेची गाडी ना? आज पिक्चर दाखवणार का?"

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बर्मंडसी पालिकेचं आरोग्य खातं स्वतः मूकपट काढायचं आणि गाडीतून भररस्त्यात दाखवायचं. वीज दिव्याच्या खांबावरून घ्यायचे. पडद्यावरच्या पाट्या पोरं एका सुरात ओरडून वाचायची. आजी त्यांतल्याच एक. गोदीचा, कातड्याच्या कारखान्यांचा हा भाग, घरं दाटीवाटीची, आणि क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून अवकाश. तिथल्या गरिबांचे डॉक्टर आणि पुढारी असलेले आल्फ्रेड साल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पालिकेनं तरी हात टेकले नाहीत. 1926 साली तिनं प्रकाशोपचाराचं केंद्र काढलं. फुफ्फुसाच्या क्षयाला त्याचा उपयोग नव्हता. हाडांच्या आणि गाठींच्या क्षयासाठी ते वापरत. काही रोग्यांना तर पालिकेनं थेट स्वित्झर्लंडला, लेझँच्या डोंगरात उन्हाच्या उपचारांसाठी पाठवलं. गोदी कामगारांच्या वस्तीतून! मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आजी त्या तरुणाकडे वळल्या. "माझी थोरली बहीण यातच गेली रे. तेव्हा फोटो निघायचा, पण औषध नव्हतं. तुला दोन्ही फुकट मिळतंय."

तो तरीही हलेना. मग मी निवाऱ्याच्या व्यवस्थापकांना बाहेर बोलावलं आणि जागा जाणार नाही, हे त्यांच्याकडून त्याच्यासमोर वदवून घेतलं. तेव्हा कुठं तो चढला.

पडद्यावर उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पांढुरका डाग, आणि त्याच्या मधोमध काळी, गोल पोकळी. असं दिसलं की पोटात गोळा येतो. अशा रोग्याच्या खोकल्यातून जंतू हवेत पसरतात आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस ते छातीत घेत असतो. त्याला लगेच मास्क दिला, थुंकीचा नमुना घेतला, रुग्णालयात फोन लावला.

अहवाल पॉझिटिव्ह आला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली आणि त्याची निवाऱ्यातली जागाही राहिली. तिथल्या बाकीच्यांना तपासायला आम्ही गाडी पुन्हा नेली, तेव्हा रांग लावून घेण्याचं काम आजींनी आपणहून अंगावर घेतलं होतं.